तीन घागरी समुद्र

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या शोकेसमध्ये, चांगल्या कपबश्या आणि प्लास्टिकची फुलं यांच्या मधोमध एक पांढरंशुभ्र झुडूप आहे. वीतभर उंच, फांद्याफांद्यांचं, हाताला खरखरीत. १९८४ साली सासूबाई काशी-रामेश्वर करून आल्या, तेव्हा त्यांनी ते रामेश्वरच्या बाजारातून पाच रुपयांना आणलं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून दर दिवाळीला ते साबणाच्या पाण्यात बुडवून, उन्हात वाळवून परत जागेवर ठेवायचं काम माझ्याकडे. पाहुणे विचारायचे, "हे काय हो?" आणि सासूबाई सांगायच्या, "समुद्रातलं झाड हाय ते." मीही तेच समजत होते.

आमचं गाव धाराशिव. २०२३ साली नाव बदललं, पण ही गोष्ट आहे तेव्हाची, उस्मानाबाद म्हणायचे तेव्हाची. आमच्याकडे पाऊस आला तर आला, नाही तर नाही. समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. खरं सांगते, पस्तिशी उलटून गेली तरी मी समुद्र पाहिलेला नव्हता. २०१५ च्या मे महिन्यात मुंबईला नणंदेकडे गेलो, तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दुरुस्त होऊन त्याच वर्षी पुन्हा उघडलं होतं. १९५१ सालचं हे मत्स्यालय, पण आतली झगमग सगळी नवी. काचेपलीकडे रंगीत मासे डौलात फिरत होते आणि आमचे चिरंजीव, वय वर्षे चौदा, काचेला नाक लावून उभे. मी हात धरून ओढला तर म्हणाला, "आई, आपण घरी समुद्र करूया."

मी हसले. पण मैत्रिणींनो, रात्री नणंदेच्या घरी झोप येईना. लाटांचा आवाज कानात होता. मुलाचं जाऊ द्या, मलाच तो समुद्र घरी हवा होता.

माझ्याकडे भिशीचे पैसे होते. घरघंटी घ्यायची म्हणून दोन वर्षं नंबराची वाट पाहिली होती. गिरणीत रांगेत उभं राहण्याचा कंटाळा कुणाला येत नाही? पण गावी आल्यावर ह्यांच्याकडे विषय काढला, तो घरघंटीचा नाही, समुद्राचा. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "प्यायला पाणी चौथ्या दिवशी येतं आणि तुम्ही मायलेक खारं पाणी साठवणार?" नाही म्हणाले नाहीत, तेव्हा मी होच समजले.

आमच्या गल्लीत प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. गल्ली त्यांना 'सर' म्हणते. चिरंजीव त्यांना विचारायला गेले आणि पाठोपाठ मीही. मुलानं विचारलं, "सर, प्रवाळ कुठं मिळतं? मला माशांबरोबर जिवंत प्रवाळ ठेवायचंय." सर म्हणाले, "मासे पहिल्या दिवशी आणायचे नसतात आणि प्रवाळ पहिल्या वर्षी. आधी पाणी पाळायला शिका."

"पाणी पाळायचं म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुम्ही पोरं पाळलीत ना वहिनी, तसं."

मग ते आमच्या घरी आले आणि शोकेसमधलं झुडूप हातात घेऊन बसले. सासूबाईंना म्हणाले, "आजी, हे झाड नव्हे. ही चाळ आहे. भाडेकरू सगळे मेलेले." फांदीवरची बारीक बारीक भोकं त्यांनी दाखवली. त्या प्रत्येक भोकात एकेक इवलासा जीव राहायचा. मऊ, तोंडाभोवती मिशांसारखे हात असलेला. रात्री हात बाहेर काढून पाण्यातलं बारीकसारीक खाणं पकडायचा. पण त्याचं पोट मुख्यतः भरायचं ते अंगात राहायला आलेल्या सूक्ष्म शेवाळामुळे. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, त्यातलं घरमालकाला देतं, आणि प्रवाळाचे तपकिरी, हिरवे रंगही बरेचसे त्या शेवाळाचेच. हा जीव पाण्यातला चुना घेऊन आपल्याखाली दगडाचं घर बांधत जातो. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की शेवाळ बाहेर पडतं आणि आतला पांढरा दगड दिसू लागतो. मग लवकर पाणी निवलं तर ठीक, नाही तर उपासमारीनं सगळी चाळ मरते.

"आणि तुमच्या गळ्यातलं पोवळं," सर मला म्हणाले, "तेही याच्याच भावकीतलं. लाल, खोल पाण्यातलं."

माझा हात आपोआप मंगळसूत्राकडे गेला. इतकी वर्षं ते पोवळं मी खडाच समजत होते.

सासूबाईंना मात्र याचं नवल वाटलं नाही. आमच्या जिल्ह्यातच तुळजापूर. देवीचे आराधी गळ्यात कवड्यांच्या माळा घालतात आणि कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर, हे त्यांना कुणीतरी पूर्वीच सांगितलेलं. "समुद्राचं आपल्याकडं येणं नवं नाही आजी," सर म्हणाले आणि त्यांनी आमच्या तेरची गोष्ट सांगितली. गोरोबाकाकांचं तेर आम्हाला ठाऊक, पण हेच तेर म्हणजे जुनं तगर. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा उल्लेख आहे, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तगरचं सुती कापड गाड्यांतून भडोच बंदराला जायचं आणि त्याच बंदरात परदेशातून येणाऱ्या मालाच्या यादीत पोवळं आहे. प्लिनी नावाचा रोमन लेखक तर लिहून गेलाय, की रोमच्या बायकांना हिंदुस्थानच्या मोत्यांचं जेवढं वेड, तेवढंच हिंदुस्थानात पोवळ्याचं. म्हणजे हौस आजची नव्हे!

पुढच्या महिन्यात पुण्याला गेलो, सामान आणायला. एका दुकानात टाकी, दिवा, पंप, मीठ सगळं बघून झालं. दुकानदारानं इकडेतिकडे पाहिलं आणि आतल्या खोलीत नेलं. तिथे एका टाकीत मुठीएवढं हिरवट प्रवाळ होतं. हलत होतं हो! हिरव्या मखमलीवरून कुणी फुंकर घालावी तसं. चिरंजीव तर तिथेच बसकण मारून. मी किंमत विचारली. मग पावती विचारली. तो म्हणाला, "याचं बिल नाही मिळणार ताई."

बाजारात इतकी वर्षं काढली, एवढं तर कळतं. ज्याचं बिल मिळत नाही त्यात काहीतरी काळंबेरं आहे. मी मुलाचा हात धरून बाहेर आले. गावी परतल्यावर सरांनी सांगितलं ते ऐकून मात्र घाम फुटला. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ साली दगडाची घरं बांधणारी सगळी प्रवाळं, काळं प्रवाळ, समुद्रपंखे या साऱ्यांना त्याच्या पहिल्या परिशिष्टात घातलं, वाघाच्या पंगतीत. ती समुद्रातून तोडणं, विकणं, विकत घेणं हा गुन्हा. शिक्षा किमान तीन वर्षं कैद. भिशीच्या पैशात मी काय घेऊन येणार होते बघा! सासूबाईंची यात्रा या नियमाच्या कितीतरी आधीची. पण आज कुठल्या तीर्थाच्या बाजारात कुणी असं पांढरं झुडूप पुढे केलं, तर मैत्रिणींनो, हात मागे घ्या.

प्रवाळ नाही तर नाही, पण पाणी पाळायला शिकायचं ठरलं होतं. जून सरता सरता टाकी आली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी मावतं दीडशे लिटर. म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन दीड क्विंटल, काच आणि दगड वेगळे. म्हणून सुतार न बोलावता लोखंडी अँगलचं स्टँड करून घेतलं.

आता तुम्ही म्हणाल, खारं पाणी म्हणजे पाण्यात मीठ टाकलं की झालं. मलाही तसंच वाटलेलं. पण स्वयंपाकाचं मीठ चालत नाही. समुद्रात नुसतं मीठ नसतं. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं पुष्कळ काही ठरावीक प्रमाणात असतं. त्यासाठी तयार मिळणारं समुद्री मीठ लागतं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. आमच्या टाकीला सव्वापाच किलो लागलं. पाणीही बोअरचं नको, कारण आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर धरतो. ते आरओच्या यंत्रातून काढावं लागतं. मीठ बादलीत वेगळं विरघळवायचं, रात्रभर पंपानं हलवत ठेवायचं आणि मग मोजायचं. मोजायला एक लहानशी नळी मिळते, तिच्यावर आकडा १.०२५ आला की समुद्र झाला.

यानंतर सरांनी सहा आठवडे आम्हाला काहीही आणू दिलं नाही. का, ते ऐका. माशाच्या विष्ठेतून अमोनिया होतो आणि तो माशालाच मारतो. पण पाण्यात आणि दगडांवर एक प्रकारचे जिवाणू वाढले, की ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि हे नायट्रेट त्यामानानं निरुपद्रवी. हे जिवाणू वाढायलाच महिना-दीड महिना जातो. म्हणजे विरजण लावण्यासारखंच, फक्त हे दही दीड महिन्यानं लागतं आणि मध्येच झाकण काढून हलवलं तर बिघडतं. काही लोक जिवाणूंना खाणं म्हणून पाण्यात कोळंबी कुजत टाकतात. आमच्या माळकरी घरात ते कसं जमणार? सरांनी नवसागर आणून दिला, प्रयोगशाळेतला शुद्ध. कल्हईवाला भांडं तापवून ज्याचा धूर काढतो ना, तोच नवसागर. त्यातूनच जिवाणूंना अमोनिया मिळतो. दर चार दिवसांनी मी पाण्यात थेंब टाकून रंग पाहायची आणि वहीत लिहायची. पिवळा, हिरवा, जांभळा. धोब्याच्या हिशेबाच्या वहीचीच मागची पानं.

गणपतीच्या सुमारास रंग बरोबर आले आणि दसऱ्याला दोन मासे आले. केशरी अंगावर पांढरे पट्टे, सिनेमातल्या निमोसारखे. दुकानदारानं टाकीतच जन्मलेले म्हणून सांगितलं, आणि या खेपेला पावतीही दिली!

पहिला महिनाभर चिरंजीव शाळेतून आले की दप्तर न काढता टाकीसमोर. दुसऱ्या महिन्यात क्रिकेट सुरू झालं. तुम्हाला घरोघरचं ठाऊक आहेच. हौस त्याची, उस्तवार माझी. सकाळी देवपूजेआधी मी टाकीचं तापमान बघायची. आटलेलं पाणी भरायची. ही एक गंमत सांगण्यासारखी आहे. पाणी आटतं, मीठ आटत नाही. म्हणून आटलेल्या जागी गोडं पाणीच घालायचं, खारं घातलं तर खारटपणा वाढत जातो. आमटी आटून खारट झाली की आपण पाणीच घालतो, मीठ नाही, तसंच. आठवड्याला पंधरा लिटर पाणी काढून तेवढंच नवं मिसळायचं. काचेवरचं शेवाळ पुसायचं. वीज गेली की बॅटरीचा हवेचा पंप लावायचा, कारण हलतं पाणी थांबलं की त्यातला प्राणवायू संपतो. रात्री दोनला वीज गेली तर मला पंखा थांबल्यानं नाही, टाकीची गुणगुण थांबल्यानं जाग यायची. तान्ह्या बाळाच्या आईला येते तशी.

थंडीत ती टाकी काय दिसायची! संध्याकाळी दिवे लागले की भिशीच्या सगळ्या जणी येऊन समोर बसायच्या. बोलणं आपोआप हळू व्हायचं. एक जण म्हणाली, "हिच्या घरी आलं की सासूची तक्रारच सुचत नाही." सासूबाई तिथेच बसलेल्या!

पण पावसानं आधीच दगा दिला होता. २०१४ कोरडं गेलं, २०१५ त्याहून कोरडं. फेब्रुवारीपासून नळाचं अंतर वाढत गेलं. मार्चमध्ये आमचा बोअर गेला. एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पहिली गाडी आली, सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन. आम्ही टीव्हीवर ती गाडी बघत होतो. डब्यांना लोक हार घालत होते. आमच्या पाठीमागे टाकीचा पंप गुणगुणत होता.

त्याच आठवड्यातली गोष्ट. मी पंधरा लिटर खारं पाणी बादलीत काढलं आणि न्हाणीघरात ओतायला लागले. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांच्या वस्तीत टँकर पाचव्या दिवशी यायचा, घराला चार घागरी. मावशी म्हणाल्या, "हे पानी कुठं टाकायलाव, वहिनी?"

मी म्हटलं, "खारं आहे मावशी, कशाच्या उपयोगाचं नाही."

"भांडे बी नाही घासता येनार?"

"नाही हो. झाडालाही घालता येत नाही, झाड मरतं."

त्या काही बोलल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बादलीतल्या त्या स्वच्छ, काचेसारख्या पाण्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि राखेचा डबा घेऊन ओट्याकडे वळल्या. मोरीतून पाणी जायचा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या रात्री मी वही काढली. आठवड्याला बदलायचं पाणी पंधरा लिटर. उन्हाळ्यात आटतं रोज अडीच लिटर, म्हणजे आणखी साडेसतरा. आरओमधून एक लिटर निघताना तीन लिटर वाया जातं ते आम्ही भांड्यांना, फरशीला वापरत होतो, तेव्हा ते सोडा. एकूण साडेबत्तीस लिटर. तीन घागरी. ह्यांना दाखवलं तर म्हणाले, "तीन घागरींनी जिल्ह्याचा दुष्काळ हटणार आहे का?"

नव्हता हटणार. हिशेब त्यांचा बरोबर होता. पण त्या तीन घागरी म्हणजे मावशींच्या घरचा जवळजवळ एक टँकर. सर म्हणाले होते, पाणी पाळायला शिका. मला वाटलं होतं मी शिकले. आकडा १.०२५, तापमान २६, रंग पिवळा, सगळं वहीत बरोबर. पण आमच्या गावात पाणी पाळणं म्हणजे काय, ते मावशींना माझ्याहून जास्त कळत होतं. डोक्यावर घागर घेऊन चालणाऱ्या बाईला थेंब सांडू न देणं कुणी वहीतून शिकवावं लागत नाही.

शिवाय टाकीही आता ऐकत नव्हती. बाहेर पारा चाळिसाच्या वर, टाकीत ३१. पाण्यावर टेबलफॅन सोडला की माठासारखं दोन-तीन अंश निवायचं, पण मग पाणी जास्त आटायचं. थंड करायला चिलर घ्यावा तर त्याची किंमत टाकीपेक्षा जास्त आणि वीज तर अशी. मासे कसेबसे तगले. सर म्हणाले, "पुण्याहून ते प्रवाळ आणलं असतंत तर या महिन्यात पांढरं पडलं असतं. शोकेसमध्ये दुसरं झाड." आणि मग त्यांनी एक वाक्य सांगितलं ते मी विसरत नाही. "वहिनी, आपल्याकडे तुमची टाकी तापली, तिकडे समुद्रही तापलाय." पॅसिफिक महासागराचं पाणी तापण्याचा जो एल निनो म्हणतात, त्यानं २०१५ चा आपला मोसमी पाऊस ओढून धरला आणि त्याच उष्णतेनं २०१६ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची प्रवाळं पांढरी पडली. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या प्रवाळभिंतीचंही तेच झालं. आमची विहीर आटली आणि तिकडे समुद्राच्या तळाशी घरं ओस पडली. मला तोपर्यंत वाटायचं, दुष्काळ आपला आणि समुद्र दुसऱ्यांचा.

मे लागण्याआधी मासे भाच्याकडे पुण्याला गेले, बर्फाच्या डब्यात पाणी भरून, बॅटरीचा पंप लावून. चिरंजीव रडले नाहीत, पण दोन दिवस जेवताना गप्प होते. रडले ते मी. मीठ वाळवून डब्यात भरलं, टाकी पुसून पालथी ठेवली. मावशींना मी काही सांगितलं नाही. त्यांनीच रिकामं स्टँड पाहिलं आणि विचारलं, "मासे मेले का हो?" म्हटलं, "नाही, माहेरी गेले." पहिल्यांदा हसल्या त्या.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. दिवाळीच्या सुटीत ह्यांनी आपण होऊन मालवणचं नाव काढलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालच्या समुद्राला १९८७ पासून सागरी अभयारण्य केलेलं आहे आणि तिथे पाण्यात जिवंत प्रवाळ दिसतं, हे सरांनी त्यांच्या कानावर घातलं होतं. सासूबाईही निघाल्या. पिशवीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाल्या, "असू दे."

पाण्यात उतरायचं म्हणजे मला कापरंच भरलं. ओढ्यातसुद्धा कधी गुडघ्याच्या वर गेले नव्हते. फुगीर जाकीट घातलं, डोळ्यांना काच लावली, तोंडात नळी. किनाऱ्यावरून हे फोटो काढून हसत होते, तेवढ्यात त्यांनाही जाकीट चढवलं. वाटाड्या म्हणाला, "वैनी, पाय खाली टेकू नका. खाली पोवळी आसत." मी श्वास धरून तोंड पाण्यात घातलं.

चित्रातल्यासारखे रंग नव्हते, खोटं कशाला सांगू. पाणी जरा गढूळच. तपकिरी, पिवळट, शेवाळी रंगाचे गोळे, कुठे मोठ्या भाकरीएवढ्या थाळ्या. पण त्यांच्यावर बारीक मखमल हलत होती. पुण्याच्या आतल्या खोलीत पाहिलेली तीच. इथे तिचं बिल कुणी मागत नव्हतं. तीन हातांवर मुलगा पोहत होता, त्यानं बोट दाखवलं आणि नळीतून काहीतरी ओरडला. कळलं नाही, पण कळलं.

वर आले तर होडीत सासूबाई ते लुगडं सोडून बसलेल्या. हातात रामेश्वरचं पांढरं झुडूप. त्याला घरी पोचवायचं त्यांच्या मनात होतं. बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग पुन्हा गुंडाळून पिशवीत ठेवलं. "का हो?" मी विचारलं. म्हणाल्या, "ह्यो त्याचा समुद्र नव्हं. रामेश्वरला जाऊ तवा बघू."

आमची टाकी आज रिकामी नाही. तिच्यात गोड्या पाण्यातले गप्पी मासे आहेत. कुणाला अशी हौस असेल तर माझं सांगणं एवढंच, आधी गोड्या पाण्यापासून सुरुवात करा. त्याचं बदललेलं पाणी तुळशीला, गुलाबाला खत म्हणून घालता येतं. आमची तुळस बघायला या, कमरेएवढी आहे. त्यात वर्ष नीट गेलं आणि घरात पैसा, वीज आणि मुख्य म्हणजे पाणी मुबलक असेल तरच खाऱ्याचा विचार करा. टाकी मोठी घ्या, लहान टाकीचं पाणी लवकर बिघडतं. सहा आठवडे धीर धरा. आणि ज्याचं बिल मिळत नाही ते कितीही देखणं असलं तरी घरात आणू नका.

घरघंटी अजून घेतलेली नाही. पुढच्या भिशीत बघू. दिवाळीला शोकेस आवरताना झुडूप अजून मीच धुते, पण आता बोटं जरा हलकी फिरतात. परवा नवी सूनबाई बघायला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, "हे समुद्रातलं झाड का?"

सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "झाड नव्हं ते. जितराब होतं."